धरणात १३.५ टक्के उरलं, की नळ बंद

केपटाऊनला पाऊस हिवाळ्यात पडतो. मे ते ऑगस्ट हे इथले पावसाचे महिने. डिसेंबरपासून मार्चपर्यंत कोरडा ठणठणीत उन्हाळा आणि दिवसदिवस घोंघावणारा आग्नेयेचा वारा. शहराची भिस्त मुख्यतः सहा मोठ्या धरणांवर आहे. ती सगळी डोंगराकडच्या भागात, आणि त्यातलं थीवॉटर्सक्लूफ एकटंच निम्म्याहून जास्त पाणी धरतं. सहांची मिळून क्षमता सुमारे ९०० अब्ज लिटर, म्हणजे आपल्या भाषेत ३२ टीएमसीच्या आसपास. जायकवाडीच्या साधारण एकतृतीयांश. एवढ्यावर ४० लाखांहून मोठं शहर आणि भोवतालच्या द्राक्षांच्या, सफरचंदांच्या बागा जगतात.

२०१५, २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ तीन हिवाळे पावसाने दगा दिला. मी मूळची लातूरची. आमच्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मी इथून बातम्या बघत होते आणि घरी फोन लावत होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत तीच वेळ मी राहते त्या शहरावर आली. त्या काळात इथल्या महापालिकेने काय केलं हे गावाकडचे लोक अजून विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पाणीकपात इथे ठरलेल्या पायऱ्यांनी वाढत जाते. प्रत्येक पायरीला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाला काय चालेल, काय चालणार नाही, हे आधीच छापलेलं असतं. २०१७ च्या जूनमध्ये चौथी पायरी लागू झाली तेव्हा माणशी रोज १०० लिटर ठरले. महिन्याभरात ते ८७ वर आले. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटर. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं, भांडी, संडास, सगळं त्यातच बसवायचं. बागेला नळाचं पाणी बंद, गाडी धुणं बंद, पोहण्याचे तलाव भरणं बंद. ज्यांच्याकडे बोअर होतं त्यांनी बागेच्या कुंपणावर ‘हे बोअरचं पाणी आहे’ अशी पाटी लावायची.

आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “माणशी पन्नास लिटर मिळायलंय न रोज? नळाला येतंय न? मग रडायलीस कशाला?” तिचं बरोबरच होतं. टँकर कधी येईल याचा नेम नसलेल्या गल्लीत तिने उन्हाळे काढले आहेत. पण चोवीस तास नळ वाहणाऱ्या शहराला पन्नासवर आणणं हे वेगळंच काम आहे. तिथे प्रत्येक घरातली सवय मोडावी लागते, आणि त्यावर नजर ठेवायला घराघरात पोलीस बसवता येत नाही.

आमच्या घरात ते असं झालं. अंघोळीला शॉवरखाली टब ठेवायचा आणि त्यात पडलेलं पाणी बादलीने संडासाच्या टाकीत ओतायचं. जुन्या टाकीला एका वेळी नऊ-दहा लिटर लागतात, म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा एका फ्लशमध्ये जातो. म्हणून लघवीनंतर फ्लश करायचा नाही, हा नियमच झाला. ऑफिसात, मॉलमध्ये, विमानतळावर तशा पाट्या होत्या, आणि बऱ्याच ठिकाणी बेसिनचे नळ बंद करून सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवल्या होत्या. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला, भाजी धुतलेलं पुदिन्याला. रविवारी सकाळी मीटरचं रीडिंग घेऊन फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं आणि मागच्या रविवारचा आकडा वजा करायचा. शेजारच्या आजोबांचं आणि आमचं त्या उन्हाळ्यातलं बोलणं बहुतेक त्या वजाबाकीवरच चालायचं.

इथे एक गोष्ट महापालिकेने मनापासून केली असं मला वाटतं. धरणांचे आकडे तिने लोकांसमोर उघडे ठेवले. दर आठवड्याला प्रत्येक धरण किती टक्के भरलं आहे, शहराने रोज सरासरी किती पाणी वापरलं आणि उद्दिष्ट काय होतं, हे जाहीर व्हायचं. मोठ्या रस्त्यांवरच्या फलकांवरही ते झळकायचं. टॅक्सीवाला, दुकानातली बाई, शाळेतली मुलं, सगळ्यांना त्या आठवड्याचा टक्का तोंडपाठ असायचा. जानेवारी २०१८ मध्ये तर शहराचा नकाशाच ऑनलाइन टाकला. महिन्याला ६,००० लिटरच्या आत राहणाऱ्या घरावर गडद हिरवा ठिपका, १०,५०० पर्यंत फिका हिरवा. चौघांचं घर धरलं तर माणशी ५० आणि माणशी ८७ चाच तो हिशेब. कुणाचंही घर कुणालाही बघता येतं, यावर खूप आरडाओरड झाली, आणि खासगीपणाचा तो मुद्दा मला पटतोही. तरीही आपल्या घरावर हिरवा ठिपका आहे ना, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने पाहिलं होतं.

याच्या जोडीला धाक होता तो ‘डे झीरो’चा. धरणांतलं पाणी १३.५ टक्क्यांवर आलं की बहुतेक वस्त्यांचे नळ बंद होणार आणि सुमारे २०० केंद्रांवर रांगेत उभं राहून माणशी २५ लिटर घ्यायचे. ४० लाख लोक आणि २०० केंद्रं, म्हणजे एका केंद्रावर सरासरी २० हजार माणसं. हा भागाकार ज्याने त्याने मनात केला होता. जानेवारीच्या मध्याला महापौर पॅट्रिशिया दि लिल यांनी सांगितलं की निम्म्याहून जास्त लोक मर्यादा पाळत नाहीत आणि आता ‘डे झीरो’ टळेल असं वाटत नाही. तारीख एप्रिलमधली होती. त्या आठवड्यात दुकानांतून पाण्याचे कॅन, बादल्या, टब गायब झाले. जोजो म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या हिरव्या टाक्या. त्यांच्यासाठी नंबर लावावे लागले.

क्रिकेट बघणाऱ्यांना आठवत असेल, त्याच जानेवारीत भारतीय संघ न्यूलँड्सला कसोटी खेळत होता. खेळाडूंनाही दोन मिनिटांत अंघोळ आटपायला सांगितल्याच्या बातम्या आपल्याकडे आल्या होत्या. त्या सामन्याचा तिसरा दिवस पावसात वाहून गेला. एकही चेंडू पडला नाही आणि शहरात मात्र लोक अंगणात बादल्या मांडत होते. भारत हरल्याचं वाईट वाटलं, पण त्या पावसाचा आनंद मी लपवणार नाही.

न्यूलँड्सलाच डोंगरातून येणारा एक झरा आहे. एका साध्या निवासी गल्लीत पाइपांतून ते पाणी बाहेर यायचं. त्या महिन्यांत पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तिथे रांग असे. मीही कॅन घेऊन जायचे. पुढे महागड्या गाडीतून उतरलेले गृहस्थ, मागे हिजाब घातलेल्या दोघी बहिणी, त्यांच्या मागे स्टेलेनबॉशकडून आलेलं म्हातारं जोडपं. भरलेले कॅन गाडीपर्यंत ढकलगाडीवर नेऊन देणारी पोरं, आणि त्यांना मिळणारी चिल्लर. रांगेतली माणसं एकमेकांना बोअरचा खर्च विचारायची, साबणाचं पाणी कुठल्या झाडाला चालतं ते सांगायची. भांडणंही व्हायची. गल्लीतल्या रहिवाशांना गर्दीचा इतका त्रास झाला की २०१८ च्या मे महिन्यात महापालिकेने ते पाणी जवळच्या जलतरण तलावाच्या आवारात वळवलं.

पण रांग हा अनुभव सगळ्यांसाठी नवा नव्हता. खायेलित्शासारख्या टाऊनशिपमधल्या, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी शहराच्या कडेला वसवलेल्या भागांतल्या, पत्र्याच्या वस्त्यांत लोक वर्षानुवर्षं सार्वजनिक नळावरून बादलीने पाणी नेतात. अशा सगळ्या वस्त्या मिळून शहराचं पाच टक्क्यांच्या आसपासच पाणी वापरतात. तिथल्या बायका विचारत होत्या, आमचा ‘डे झीरो’ तर रोजचाच आहे, तेव्हा फलक का नाही लागले? या प्रश्नाला शहराकडे आजही धड उत्तर नाही. आणखी एक अन्याय मला सलतो. जास्त वापर करणाऱ्या घरांना महापालिकेने मीटरवर यंत्रं बसवली, दिवसाला ३५० लिटर झाले की पाणी बंद. चौघांच्या घराला ते पुरतं. पण गरीब वस्त्यांत एकाच मीटरवर मागच्या अंगणातल्या खोल्यांत भाड्याने राहणारी दोन-तीन कुटुंबं असतात. त्यांचा नळ दुपारीच कोरडा पडायचा. ज्याला परवडतं त्याने बोअर पाडलं आणि त्याची बाग हिरवी राहिली.

तरी एकूण आकडा उतरला, हे खरं. २०१५ च्या सुरुवातीला शहर दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर वापरत होतं, ते २०१८ मध्ये ५० कोटींच्या घरात आलं. पाइपांतला दाब कमी केला, गळती शोधली, जास्त वापराला चढे दर लावले. या सगळ्याचा त्यात वाटा आहे. शेतीचा कोटा शहरापेक्षाही जास्त कापला गेला होता. असं असूनही फेब्रुवारीत एल्गिन भागातल्या बागायतदारांनी आपल्या साठ्यातलं १० अब्ज लिटर पाणी शहराच्या धरणात सोडलं, म्हणजे तेव्हाच्या वापराने शहराचे २० दिवस. ऊस आणि पिण्याचं पाणी यांचा वाद ऐकत मोठ्या झालेल्या मला ही बातमी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. तारीख पुढे पुढे सरकत गेली, मार्चमध्ये ती त्या वर्षापुरती रद्द झाली आणि जूनमध्ये चांगला पाऊस आला. धरणं काठोकाठ भरायला मात्र २०२० उजाडावं लागलं.

लोकांनी पाणी वाचवल्यामुळे महापालिकेचं उत्पन्नही आटलं. मग जुलै २०१८ पासून मीटरच्या आकाराप्रमाणे दरमहा ठरावीक शुल्क सुरू झालं, थेंबभर वापरा की नाही. ज्यांनी महिनोन्‌महिने टबातलं पाणी उपसलं त्यांच्या हातात वाढीव बिलं आली. तो राग अजून गेलेला नाही, आणि माझ्या मते तो रास्त आहे. पाइप सांभाळायला पैसा लागतो, हे संकट ऐन भरात असताना सांगितलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं.

त्यानंतर जे झालं त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम नळापासून लांब, डोंगरात चालू आहे. धरणांच्या पाणलोटात बाहेरून आणलेले पाइन, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभळी माजल्या आहेत. स्थानिक झुडपांपेक्षा ती झाडं कितीतरी जास्त पाणी पितात, वर्षाला सुमारे ५५ अब्ज लिटर, म्हणजे शहराचा एरवीचा, कपात नसतानाचा, सुमारे दोन महिन्यांचा वापर. समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पांपेक्षा ही झाडं काढणं कितीतरी स्वस्त पडतं. स्थानिक तरुण-तरुणींच्या तुकड्या दोरखंड बांधून कड्यांवर उतरतात आणि एकेक पाइन कापतात. ती कामं सुरू असलेल्या भागात मी जाऊन आले. त्या लोकांशी बोलणंही झालं आहे, ते पुढच्या लेखात लिहीन.