ठोसेघर ऐकायला येणारा भाचा

भाचा गेली तीन वर्षं जुलैतल्या एखाद्या रविवारी पुण्याहून साताऱ्याजवळचा ठोसेघरचा धबधबा बघायला येतो आणि तिन्ही वेळा नुसता ऐकून परत गेलाय. कठड्याला टेकून उभं राहायचं, समोर धुक्याचा पांढरा पडदा आणि खाली दरीत घुमणारा आवाज. यंदा त्याची लेक म्हणाली, "बाबा, यूट्यूबवर तरी दिसतो."

म्हाताऱ्या पावसात, म्हणजे जुलैअखेरच्या पुष्य नक्षत्रात, मी तिकडे फिरकत नाही. पाणी तेव्हा दांडगं असतं, कबूल. पण ढगही तेव्हाच दरीत उतरून बसतात. बरं, फार थांबूनही चालत नाही. वरचा सडा म्हणजे कातळ आणि त्यावर जेमतेम माती. तो पाणी कुठं धरून ठेवणार? पाऊस ओसरला की चार-सहा दिवसांत धार बारीक. मला हवी असते ती ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या मघा नक्षत्रातली, सासूच्या पावसातली उघडीप. दोन-तीन दिवस झोडपून काढलेलं आणि मग सकाळी लख्ख ऊन. (सप्टेंबरात कासची फुलं आणि ठोसेघर एकाच दिवशी उरकणारे येतात. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तरच त्यांचं नशीब.)

हवामानाचं ॲप मी बघत नाही. साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून यवतेश्वरचा डोंगर माथ्यापर्यंत स्वच्छ दिसला की डबा भरायचा. गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीस एका मंगळवारी तसा दिसला. भाच्याला फोन लावला, तर त्याची मीटिंग. मग शेजारच्या काकूंनाच गाडीत घातलं. सज्जनगड फाटा, बोरणे घाट, तासाभरात पोचलो.

मोठा धबधबा वरपासून तळापर्यंत दिसत होता. निम्म्यावर कड्याला आपटून पाण्याचा नुसता भुगा होत होता आणि उन्हाची तिरीप आली की त्यात इंद्रधनुष्याचा तुकडा. काकू साताऱ्यात चाळीस वर्षं राहतात, इथं चार-पाचदा येऊन गेल्यात. त्या कठडा घट्ट धरून म्हणाल्या, "अगं बाई, एवढं खोल आहे होय हे!" गर्दी म्हणाल तर आम्ही दोघी आणि कणसं भाजणारी बाई. तिचं कणीसही त्या दिवशी कोवळं निघालं.

भाच्याला फोटो पाठवला. मीटिंगमधूनच उत्तर आलं, "आत्या, हा कुठला धबधबा?"