कामीयची चांदीची टाळू

पॅरिसमधले पहिले दिवस चारचौघांसारखेच गेले: लूव्ह्रमधली गर्दी, सेन नदीच्या काठाने पायपीट आणि संध्याकाळी भरून आलेले पाय. त्याविषयी नवे सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. लिहायचे आहे ते एका नाटकाविषयी, कारण त्यातल्या एका पात्रावरून पहिल्या अंकात मी मनापासून संतापले होते आणि पडदा पडला तेव्हा त्याच पात्रासाठी टाळ्या वाजवून माझे हात दुखत होते.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कोमेदी-फ्रान्सेझ या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेच्या साल रिशल्यू या रंगमंदिरात फ्रेंच नाटककार जॉर्ज फेदो यांच्या ‘ला प्यूस आ लोरेय’ या फार्सचे प्रयोग चालू होते. इंग्रजीत हे नाटक ‘अ फ्ली इन हर इअर’ या नावाने ओळखले जाते आणि जॉन मॉर्टिमर यांनी केलेले त्याचे इंग्रजी रूप मी निघण्यापूर्वी वाचून ठेवले होते, कारण माझे फ्रेंच कॉफी मागवण्यापलीकडे जात नाही. चांगल्या जागा केव्हाच विकल्या गेल्या होत्या; मात्र प्रयोगाच्या तासभर आधी एका छोट्या खिडकीवर रंगमंच पुरता न दिसणाऱ्या जागांची तिकिटे तेव्हा ५ युरोंना मिळत, त्यांतले एक मला मिळाले. अगदी वरच्या सज्जात, कडेच्या त्या खुर्चीवरून रंगमंचाचा डावा भाग दिसत नव्हता, पण त्या बदल्यात उजव्या विंगेतला एक चिंचोळा पट्टा दिसत होता, आणि पुढे तोच मला फार मोलाचा वाटला.

गोष्ट अशी की, शांदबीझ नावाच्या सभ्य गृहस्थाचे गॅलिस एका बदनाम हॉटेलातून टपालाने घरी येतात आणि बायकोच्या मनात संशयाचा किडा शिरतो. खरे तर ते गॅलिस त्याने आपल्या एका तरुण नातलगाला, कामीयला, देऊन टाकलेले असतात. बायको मैत्रिणीकडून नवऱ्याला त्या हॉटेलात बोलावणारे निनावी प्रेमपत्र लिहवून घेते, आणि दुसऱ्या अंकात ज्यांनी एकमेकांना मुळीच भेटू नये अशी सगळी माणसे त्या हॉटेलात जमतात. तेथे पोश नावाचा एक दारुडा नोकरही आहे आणि तो दिसायला हुबेहूब शांदबीझसारखा आहे.

कामीयच्या तोंडातल्या टाळूला जन्मतः फट आहे. त्याच्या तोंडून व्यंजने गळून पडतात, उरतात ते स्वर. तो पहिले वाक्य बोलला आणि सारे प्रेक्षागृह हसले, तेव्हा माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. माझ्या आत्तेभावाला हाच दोष होता. मिरजेला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी कित्येक वर्षे तो गेंगाणा बोलत असे आणि घरी आलेले पाहुणे त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच ‘हो हो, बरं बरं’ म्हणून मान फिरवत. एवढ्या सोनेरी छताखाली बसून शिकलीसवरलेली माणसे त्याच गोष्टीला हसत आहेत, हे मला सहन होईना. मध्यंतरात उठून जावे, असे मनात आले.

थांबले ते त्या विंगेतल्या पट्ट्यामुळे. शांदबीझ आणि पोश या दोन्ही भूमिका एकच नट करतो. त्या प्रयोगात ते सर्ज बागदासारियां होते. इकडच्या दारातून नोकर बाहेर पडतो आणि काही क्षणांत तिकडच्या दारातून मालक आत येतो. मला त्या पट्ट्यात कोणाचे तरी दोन हात दिसत होते, कोट उलगडून, बाह्या फाकवून तयार धरलेले. नट वेगाने येई, न थांबता त्या बाह्यांत हात घाली आणि चालता चालताच त्याची पाठ ताठ होई, खांदे मागे जात, चेहऱ्यावर घरंदाज चिंता उमटे. विंगेतले ते हात एक श्वासभर उशिरा पोहोचले असते तर समोरचा अख्खा अंक कोसळला असता. फेदो आपली नाटके स्वतः बसवत आणि कोणते दार कोठे, कोणी कोणत्या क्षणी कोठे उभे राहायचे हे संहितेत काटेकोरपणे लिहून ठेवत. बबन प्रभूंचे ‘झोपी गेलेला जागा झाला’ ज्यांनी आत्माराम भेंडे यांच्या भूमिकेसह पाहिले आहे, त्यांना हा काटेकोरपणा काय असतो ते मी सांगायला नको.

दिग्दर्शिका लिलो बाउर यांनी नाटक १९६० च्या दशकात, बर्फाळ डोंगरातल्या घरात नेले होते. माझ्या मते त्याने फारसे बिघडले नाही आणि फारसे साधलेही नाही, कारण दारे जागच्या जागी होती. या नाटकाचा पहिला प्रयोग १९०७ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या नूव्होते नाट्यगृहात झाला, आणि कामीयचे काम करणारे नट जोझेफ तोरां अचानक वारल्यामुळे ८६ प्रयोगांनंतर ते थांबले. पुढे १९६६ मध्ये कोमेदी-फ्रान्सेझचेच जाक शारों यांनी लंडनला जाऊन ब्रिटिश नॅशनल थिएटरसाठी ते बसवले. तेव्हा दुहेरी भूमिकेत आल्बर्ट फिनी होते. एका नटाच्या जाण्याने थांबलेले नाटक इतक्या ठिकाणी पुन्हा उभे राहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

पुन्हा कामीयकडे येते. डॉक्टर त्याला चांदीची टाळू करून देतो आणि ती बसवताच तो लख्ख, स्वच्छ बोलू लागतो. हॉटेलातल्या धुमश्चक्रीत ती टाळू हरवते. आता पाहा: डोळ्यांसमोर जे घडते आहे ते सांगण्याचा तो जिवाच्या आकांताने प्रयत्न करतो, हातवारे करतो, तीच वाक्ये पुन्हा म्हणतो, आणि समोरचा माणूस गडबडून जातो किंवा भलतेच काही समजून पळत सुटतो. या टप्प्यावर आमच्या सज्जातले हसणे बदलले, असे मला स्पष्ट जाणवले. लोक आता न ऐकणाऱ्यांना हसत होते. फ्रेंच न येणाऱ्या मला तर त्या रात्री सर्वांत जास्त कामीयच समजत होता. अशी पात्रे आजच्या प्रयोगांतून काढून टाकावीत, असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण कामीयला काढले तर ऐकून न घेणाऱ्यांचे पितळ उघडे पाडणारा माणूसच नाटकातून जातो. मात्र नटाने त्याचे शब्द खरोखर कोणाला तरी सांगण्यासाठी उच्चारले पाहिजेत; नुसते विचित्र आवाज काढले तर माझा पहिला संताप योग्यच ठरेल.

दुसऱ्या दिवशी मी सें-लाझार स्थानकाच्या परिसरात गेले. स्थानकासमोरच्या तेर्मिनुस हॉटेलात फेदो आयुष्याच्या उत्तरार्धात, घर सोडल्यावर, अनेक वर्षे राहिले. तेथून मालझेर्ब बुलव्हार चालत जाण्याच्या अंतरावर आहे; नाटकातला शांदबीझ त्या रस्त्यावर राहतो. याच स्थानकातून सें-क्लूला गाडी जाते आणि फेदोंनी आपले काल्पनिक हॉटेल तिकडच्याच मोंत्रतू भागात ठेवले आहे. मी गाडीत बसलेही. सें-क्लूच्या उतारावरून पॅरिसचा देखावा सुरेख दिसतो, बाकी शांत वस्ती आहे. नाटकाच्या खुणा शोधायला कोणी मुद्दाम जावे असे काही तेथे नाही.

रात्री आत्तेभावाला फोन केला आणि सगळे सांगितले, माझ्या रागासकट. त्याने मध्ये एकदाही अडवले नाही. मग एकच विचारले, ‘‘ताई, त्याची टाळू सापडते का?’’ सापडते, मी म्हणाले. तिच्यावर नाव-पत्ता कोरलेला असतो, म्हणून हॉटेलचा मालक ती द्यायला थेट शांदबीझच्या घरी येतो, त्यालाच आपला नोकर पोश समजून लाथा घालतो आणि तिथून सगळा उलगडा होऊ लागतो. ‘‘म्हणजे त्याच्यामुळेच,’’ तो म्हणाला, आणि मला नाटकाची इंग्रजी प्रत घेऊन यायला सांगितले.