आमची वाटचाल : दापोडीचं वर्कशॉप आणि आमचे फौजी

दापोडीत वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी, पुढे खडकी. खडकीत जायबंदी सैनिकांसाठीच्या दोन संस्था आहेत : पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि १९७४ पासूनचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. त्यामुळे व्हीलचेअरचं चाक घेऊन कुणी ना कुणी दुकानात यायचंच. आरे, ट्यूब, बेअरिंग, सगळं सायकलच्याच घरातलं. त्यातून आमचा धंदा उभा राहिला. आज आम्ही व्हीलचेअर आणि हाताने चालवायच्या तीनचाकी बनवतो, दुरुस्तही करतो, आणि आमचे बरेचसे कारागीर जखमी होऊन सैन्यातून परतलेले आहेत.

मुरलीकांत पेटकरांचं नाव आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला हायडेलबर्गमध्ये त्यांनी पोहण्यात भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण आणलं. पण पदक एखाद्याच्याच नशिबी. बाकीच्यांना पेन्शन मिळते, घरचे जपतातही. नेमकं तेच सलतं. पलटणीत ज्याच्या भरवशावर दहा जण निर्धास्त झोपायचे, त्याला घरी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत.

ऑगस्ट २०१९च्या महापुरानंतर आम्ही शिरोळ तालुक्यात गेलो. खुर्च्यांच्या बेअरिंगमध्ये गाळ घट्ट बसला होता. डिझेलमध्ये धुवायचं, घासायचं, ग्रीस भरायचं. आमच्या हवालदारांना गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे. दिवसभरात पायाचा उरलेला खुंट आकसतो, सॉकेट म्हणजे तो ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण सैल होते; हवालदार बाजूला बसून खुंटावर आणखी एक मोजा चढवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. एक आजी येऊन म्हणाल्या, "मेजर, चालंल न्हवं माझी गाडी?" हवालदार म्हणाले, "चालंल की! पंढरपूरपातुर न्या."

तिथेच झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला एक पोरगा भेटला. खुर्ची ठीक होती, पण बसायला नुसती फळी, आणि मांडीच्या मागे जखम. संवेदनाच नसल्याने त्याला ती कळलीच नव्हती. आमचे नाईक स्वतः मणक्याच्या दुखापतीतून गेलेले. त्यांनी आधी डॉक्टरकडे पाठवलं, मग स्वतःच्या खुर्चीत करून दाखवलं : दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, रात्री आरशात पाठ बघायची. मी हेच सांगितलं असतं तर पोराने मान डोलावली असती. नाईकांचं त्याने ऐकलं.

तेव्हापासून अशी गावोगावची दुरुस्ती शिबिरं हा आमच्या कामाचाच भाग आहे. शिबिराचा दिवस पगारी धरतो, कारण हे त्यांचं कौशल्य आहे. फुकट मागायला मला पटत नाही. आणि खरं सांगायचं तर शिबिरातून परतल्यावर वर्कशॉपमध्ये जे बोलणं चालतं, ते ऐकायला मी मुद्दाम चहाला थांबतो. कुठल्या गावात उतार कसा हवा, कुणाच्या संडासाला दांडी नाही, पुढच्या वेळी काय न्यायचं, सगळी आखणी तेच करतात.

पुढचं शिबिर शिराळ्याला आहे. घरात कुणाची व्हीलचेअर असेल तर घेऊन या, आणि खुर्चीवरची उशीही आणा. तीही तपासून देतो.