केस पेपरपासून रिपोर्टपर्यंत: सांगली-मिरजेत ट्रान्स माणसांची कॅन्सर तपासणी

सांगली-मिरज भागात तृतीयपंथी, जोगते (यल्लम्मा देवीला वाहिलेले) आणि ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष) यांना दवाखान्यात सोबत करायचं काम मी करते. कॅन्सरच्या तपासणीतून आपली माणसं नेमकी कुठे गळतात, ते ठाऊक असलं तर बरंच टाळता येतं. म्हणून ही सगळी वाट लिहून काढते आहे.

पहिली गळती दारातच होते. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची सरकारी तपासणी ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी व्हायची असते. तिची सुरुवात आशाताई भरतात त्या सी-बॅक (सीबीएसी) या आजारांच्या प्रश्नावलीच्या फॉर्मपासून होते. त्यात तंबाखू, दारू, घरातल्यांचे आजार विचारतात, कंबर मोजतात. स्तनातली गाठ, दोन पाळ्यांच्या मधला रक्तस्राव, अंगावरून वास येणारा स्राव हे प्रश्न मात्र फक्त बायकांसाठीच्या भागात आहेत. ज्या दादाची कागदावर ‘पुरुष’ अशी नोंद आहे, त्याला गर्भाशय असलं तरी हे प्रश्न कुणी विचारत नाही. गुरूच्या घरी राहणाऱ्या चेल्यांचं आणखी वेगळं. आशाताईंचं काम घराघराच्या यादीवर चालतं आणि चेल्याचं नाव अजून आईबापाच्या गावच्या रेशनकार्डावर असतं. अशा वेळी वाट बघत बसू नये. आपणच उपकेंद्रात जाऊन फॉर्म भरायला सांगावा आणि बायकांसाठीचे प्रश्न लागू असतील तर तेही विचारायला लावावेत.

निघण्याआधी आम्ही एक चिठ्ठी करतो. शरीरात कोणते अवयव आहेत, कोणती शस्त्रक्रिया झाली, हार्मोन कोणते आणि कधीपासून, पाळी कधी बंद झाली, एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या चालू आहेत का, एवढंच. ती थेट डॉक्टरांच्या हातात द्यायची. केस पेपरच्या खिडकीवर मागे वीस माणसं उभी असताना यातलं काही बोलायची गरज नाही. तिथे ‘तपासणीसाठी’ इतकं पुरतं. नाव मात्र आधारवर आहे तेच लिहून घ्यावं, ते नकोसं वाटत असलं तरी. पुढे गाठ निघाली आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे झाले की रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड यांवरची नावं जुळवत बसावं लागतं आणि त्यात मोलाचे आठवडे जातात. हाक कोणत्या नावाने मारायची ते सिस्टरना वेगळं, हळू आवाजात सांगता येतं. बहुतेक सिस्टर ते पाळतात.

तोंडाची तपासणी सगळ्यात आधी करून घ्यावी. कपडे काढावे लागत नाहीत, बॅटरी आणि हातमोजे एवढंच लागतं आणि आपल्याकडे मिश्री, मावा, गुटखा इतका आहे की हीच सगळ्यात गरजेची. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, उभी तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यातलं काही असेल तर थांबू नये.

खरी अडचण गर्भाशयमुखाच्या तपासणीत येते आणि ती लाजेपुरती नाही. सरकारी केंद्रात व्हीआयए करतात. ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरे डाग दिसतात का बघायचं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेणाऱ्यांत तिथलं अस्तर पातळ, कोरडं होतं आणि जो भाग बघायचा तो आत सरकतो. पाळी कायमची गेलेल्या बायकांसारखंच. मग व्हीआयए ‘ठीक’ आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. पॅप स्मिअरचंही (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून लॅबमध्ये बघतात ती चाचणी) तेच. बोस्टनच्या एका आरोग्य केंद्रातला अभ्यास २०१४ साली छापून आला. त्यात ट्रान्स पुरुषांचे १०.८ टक्के नमुने अपुरे निघाले, इतर बायकांचे १.३ टक्के. म्हणजे एवढं दुखणं सोसून पुन्हा तेच.

म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीचा, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो शोधणाऱ्या चाचणीचा, आग्रह धरावा. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी पहिली मानते आणि नमुना स्वतः घेतलेला चालतो. मऊ काडी आत अडेपर्यंत सारायची, काही वेळा गोल फिरवायची आणि नळीत बंद करायची. यात स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरायचं साधन) लागतच नाही. ही सोय जवळच्या केंद्रात नसेल तर कोणती लॅब स्वतः घेतलेला नमुना स्वीकारते ते आधी फोनवर विचारून ठेवावं. चाचणी पॉझिटिव्ह आली तर मात्र आतली तपासणी टळत नाही.

ती करायचीच असेल तर डॉक्टरांना आधी भेटून एक-दोन आठवडे रात्री लावायचं इस्ट्रोजेन मलम मिळतं का ते विचारावं. ते त्या जागेपुरतं काम करतं, दाढीमिशी जाईल ही भीती नको. सगळ्यात अरुंद स्पेक्युलम मागावा. ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, हे टेबलावर झोपण्याआधीच डॉक्टरांशी ठरवावं. लॅबच्या फॉर्मवर ‘गर्भाशयमुखाचा नमुना, टेस्टोस्टेरॉन चालू, पाळी बंद’ असं लिहिलंय का ते स्वतः बघावं. तसं नसेल तर पुरुषाचं नाव बघून नमुना परत येतो, किंवा सुकलेल्या पेशी बिघडलेल्या समजल्या जातात.

निर्वाण (लिंग-अंडकोष काढायची शस्त्रक्रिया) झालेल्या ताईंना उलट चुकून व्हीआयएला पाठवतात, कारण कागदावर ‘स्त्री’ असतं. गर्भाशयमुख नाही, तर ती तपासणीही नाही. प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) मात्र शरीरात असतंच. लघवीला त्रास होत असेल तर पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) करताना निर्वाण आणि हार्मोन दोन्ही सांगावं. त्यामुळे आकडा मुळातच खाली येतो आणि १ च्या वर गेला तरी लक्ष द्यावं लागतं. लॅबच्या कागदावर ४ पर्यंत सामान्य छापलेलं असतं. मेडिकलमधून स्वतःच हार्मोन म्हणून गर्भनिरोधक गोळ्या आणून खात असाल तर तेही लपवू नये. पन्नाशी उलटली आणि हार्मोन पाच वर्षांहून जास्त झाले असतील तर दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करावी. छातीची शस्त्रक्रिया झालेल्या दादांच्या छातीतही थोडा भाग उरतो, तिथली गाठ दाखवावी.

एचआयव्ही असलेल्यांसाठी वेळापत्रक वेगळं. गर्भाशयमुखाची तपासणी २५ व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी. ट्रान्स ताईंनी पस्तिशीनंतर गुदद्वाराचीही करावी. निदान बोटाने तपासून गाठ नाही ना एवढं बघायला एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना सांगावं.

कुणी परत पाठवलं तर भांडत बसू नये. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याचं तिसरं कलम आरोग्यसेवा नाकारायला मनाई करतं. ते लिहून वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ आलं तर त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नाही; दोन ते चार महिन्यांत पुन्हा द्यायचा असतो. ती तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी. जोगत्यांच्या बाबतीत मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमा सोडून, कारण तेव्हा सगळे यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीला असतात आणि चुकलेली तारीख पुन्हा मिळवताना परत खिडकीपासून सुरुवात करावी लागते.