‘हौद, हौद’ म्हणायचं सोडलं त्याची गोष्ट

सहा शाफ्ट बाद झाले आणि सहाही माझ्या हातून. बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तेव्हा मी लेथवर होतो, म्हणजे लोखंडी दांडा गोल फिरवत कापायच्या मशीनवर. टोकाला टेपर, म्हणजे निमुळता उतार, द्यायचा होता, दहा मिलिमीटर लांबीत 40 व्यासाचे 38. ड्रॉइंगवर कोन लिहिलेला 11 अंश 25 मिनिटं. मी कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल धरणारी, तिरकी फिरवता येणारी पट्टी, सरळ तेवढ्यावर फिरवली. टोकाला 38 ऐवजी 36 झाले. मी मोजत होतो फक्त मोठी बाजू आणि लांबी, त्यामुळं सहावा जॉब तपासणीला जाईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमचे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, गोकाककडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते धावत आले आणि कानडीत ओरडले, “अर्ध! अर्ध माडो!” अर्ध कर. ड्रॉइंगवरचा कोन दोन्ही बाजूंचा मिळून असतो, स्लाइड लावायची त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 5 अंश 43 मिनिटांच्या आसपास. अर्ध हा शब्द कानडीत तोच आणि मराठीतही तोच. तरी तो माझ्या डोक्यात शिरला नव्हता. कारण सकाळी अण्णांनी हे सगळं सांगून शेवटी “तिळीतेन?”, कळलं का, असं विचारलं, तेव्हा मी मान डोलावून म्हणालो होतो, “हौद, हौद.” म्हणजे होय, होय.

मी खानापूर तालुक्यातला. शाळा मराठी माध्यमाची. कानडी शाळेत होतं, बसची पाटी वाचण्यापुरतं. शॉपमध्ये मशीन चालू असताना भराभर बोललेलं कानडी वेगळंच. त्यात त्रिकोणमिती मी दहावीत पाठ करून ढकललेली. दोन्ही गोष्टी कळत नाहीत हे सांगायला लाज, म्हणून ‘हौद’. तेरा-चौदा वर्षं मी असंच काढलं असेल. खरं सांगायचं तर मराठीत सांगितलेलंसुद्धा न कळता “होय की” म्हणत होतो, म्हणजे दोष भाषेचा कमी आणि माझा जास्त.

त्याच महिन्यात मित्रानं मला एका प्रेरणादायी व्याख्यानाला नेलं. पाचशे रुपये. वक्त्यानं आमच्या आतला वाघ जागा केला, सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि एका कार्डावर स्वप्न लिहायला सांगितलं. मी लिहिलं, ‘स्वतःचा कारखाना’. पुढचे दहा दिवस पहाटे चारला उठलो. अकराव्या दिवशी सेकंड शिफ्ट आली आणि वाघ झोपला. ते कार्ड अजून पाकिटात आहे. अशा भाषणांनी कुणाचं भलं होत असेल तर होवो, मला मात्र कारखान्यापेक्षा टॅन म्हणजे काय हे कळण्याची गरज होती.

मग एक साधी चाळीस पानी वही घेतली. नियम एकच ठेवला. आज न कळता कशाकशाला होय म्हटलं, ते लिहिल्याशिवाय गेटबाहेर पडायचं नाही. पहिल्या दिवशी अकरा ओळी झाल्या. एवढं अज्ञान एका जागी बघून पोटात खड्डा पडला. वाटलं, आपली कुवतच नाही. पण दोन-तीन आठवड्यांनी त्याच ओळी वरून खाली वाचताना दिसलं की बऱ्याच एकाच गोष्टीच्या आहेत, कोन. अकरा प्रश्न नव्हतेच, फार तर तीन होते.

ते कोन सोडवले माझ्या भाचीनं, ती तेव्हा दहावीत. तिनं लग्नपत्रिकेचा जाड कागद त्रिकोणी कापला, एक बाजू दहा आणि उभी एक, आणि म्हणाली, “मामा, दहा पुढं गेलास की एक वर चढलास. एक भागिले दहा. हेच टॅन.” मी वहीत माझा शाफ्ट काढला. व्यास दोनानं कमी होतो म्हणजे एका बाजूला एक, लांबी दहा. तोच त्रिकोण! दहावीत हेच गणित फळ्यावर होतं, पण तिथं दीपस्तंभ आणि जहाज होतं. दोन्ही मी कधी जवळून बघितलेलं नाही.

अण्णांना विचारणं त्याहून अवघड गेलं. आधी स्वतः एकदा करून बघायचं आणि कुठं अडलं ते बोट ठेवून दाखवायचं, असं ठरवलं. नुसतं “कळलं नाही” म्हटलं की समोरचा पुन्हा तेच, फक्त मोठ्यानं सांगतो.

पुढं शॉपमध्ये सीएनसी लेथ आली, कॉम्प्युटरला कोड देऊन चालवायची. फर्स्ट शिफ्टला मी एक तास लवकर यायला लागलो. खानापूर रस्त्यावर मच्छेजवळ विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची कमान लागते. रोज बसमधून ती बघून वाटायचं, हे सगळं आत शिकवत असतील. मशीनवर बसल्यावर मात्र हायसं वाटलं. जी-01 म्हणजे सरळ रेषेत कापणं, एम-03 म्हणजे स्पिंडल चालू. ही भाषा अण्णांचीही नाही आणि माझीही नाही, दोघांनाही पहिल्यापासून शिकावी लागते. कोन काढायचीही गरज नाही, टेपरची सुरुवात आणि शेवट दिला की झालं.

पहिला टेपर काढला तर 0.15 मिलिमीटर जाड. ब्ल्यू, म्हणजे निळा रंग, लावून गेज, म्हणजे तपासायचं माप, घातलं, डाग सगळीकडे एकसारखा, म्हणजे कोन बरोबर. तरी गेज पाऊण मिलिमीटर अलीकडेच अडायचं. अण्णा म्हणाले, ऑफसेट, म्हणजे टूल किती आत जाईल तो आकडा, कमी कर. केला, टेपर बसला, पण शेजारचा सरळ भाग तेवढाच बारीक झाला. मी विचारलं, असं का? अण्णा थोडा वेळ मशीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ननगू गोत्तिल्ल.”

मलाही माहीत नाही! वीस वर्षं सेटर असलेला माणूस हे इतक्या सहज म्हणाला की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

मग जेवणाच्या सुट्टीत दोघांनी मॅन्युअल उघडलं. इन्सर्टच्या, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याच्या, डबीवर 120408 असं छापलेलं असतं, त्यातला शेवटचा 08 म्हणजे नाकाची गोलाई 0.8. प्रोग्रॅम धरून चालतो की टूलला अणकुचीदार टोक आहे, पण तिरक्या भागावर कापते ती ही गोलाई, म्हणून माल शिल्लक राहतो. जी-42, म्हणजे ही गोलाई हिशेबात धरायचा कोड, टाकलं, गोलाईचा आकडा भरला, ऑफसेट पूर्ववत केला. गेज जागेवर बसलं. अण्णांनी माझा डबा उघडून तांदळाची अर्धी भाकरी स्वतःच घेतली, “अर्ध” म्हणून.

आता सेटर मी आहे. हाताखाली जांबोटीकडचा एक पोरगा आलाय. सांगून झालं की म्हणतो, “होय, होय.” मी म्हणतो, “काय होय बे? करून दाखव.” रागावतो माझ्यावर. रागावू दे.

चौथी वही चालू आहे. कालची नोंद, ‘थ्रेडिंग (आटे पाडणं), जी-76. पहिली ओळ कळली. दुसऱ्या ओळीतला आर टेपर थ्रेडला उणे का घ्यायचा, कळलं नाही. अण्णांना फोन करायचा.’