एक बेदाणा, सावकाश

चूक नऊ हजारांची होती. पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशोबाच्या कागदावर, १,३२,४५० लिहायचे, तिथे मी १,२३,४५० लिहिले. हिशोब ठेवणाऱ्याला हे पाठ असतं, की फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला तर बहुतेक दोन आकड्यांनी जागा बदललेली असते. मलाही ते शोधायला अर्धं मिनिट लागलं. पण तोवर तो शेतकरी जतहून दुसऱ्यांदा एसटीनं आला होता. माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "असू दे ताई. पन एक फोन केला असता तर खेप वाचली असती."

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशोब बघते. हळद आणि बेदाणा, दोन्हीचा हंगाम एकदमच येतो, आणि त्याच्याच डोक्यावर मार्च एंड. शिवाय दर महिन्याची अकरा तारीख आणि वीस तारीख, म्हणजे जीएसटीची दोन विवरणपत्रं. ती पट्टी लिहिताना मी काय करत होते ते रात्री आठवून बघितलं. खांद्यात फोन धरलेला, धाकट्याच्या शाळेच्या ग्रुपवर वही-कव्हरावरून वाद चाललेला, आणि मनात गॅस बंद केला का नाही हा प्रश्न. बोटं तेवढी पट्टीवर होती.

शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. त्या आळते गावच्या विपश्यना ध्यान केंद्रात दहा दिवस राहून आलेल्या. पहाटे चारला उठायचं, कुणाशी बोलायचं नाही, फोन नाही, वाचन-लेखनही नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, त्याला आनापान म्हणतात. फी नाही, आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर चालतं. हे सगळं मी भाजी निवडता निवडता ऐकत होते, पण कान टवकारले ते पुढच्या गोष्टीला. ही विपश्यना भारतात शिकवायला सुरुवात करणारे गोयंका गुरुजी ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या मारवाडी व्यापारी घरातले. मायग्रेननं हैराण होऊन ते १९५५ साली ज्यांच्याकडे शिकायला गेले, ते सयाजी ऊ बा खिन कुणी मठातले साधू नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, आणि आपल्या कचेरीतल्या लोकांनाही ध्यान शिकवायचे.

एक व्यापारी आणि एक हिशोबनीस! म्हटलं, हे तर आपल्याच यार्डातलं प्रकरण आहे.

मालकांकडे रजा मागितली. जाणं-येणं धरून बारा दिवस. ते हसले. "वहिनी, तुम्ही दहा दिवस गप्प बसणार? आणि पट्ट्या कोण लिहिणार?" मग मार्च एंड झाल्यावर बघू, मग ऑडिट झाल्यावर बघू. ती रजा अजून व्हायचीय. मी त्यांना दोष देत नाही. बारा दिवस घराबाहेर राहायचं तर मालकांच्या आधी घरात चार जणांची परवानगी लागते, आणि त्यातला एक नऊ वर्षांचा आहे.

मग मोबाइलवर एक ॲप घेतलं. रात्री दहाला एक मऊ आवाज सांगायचा, कल्पना करा की तुम्ही समुद्रकिनारी आहात. मी तिसऱ्या मिनिटाला घोरायचे. शिवाय सलग किती दिवस बसलात त्याचा आकडा ते दाखवायचं. हिशोबाच्या माणसाला असा आकडा दाखवू नये. सतराव्या दिवशी सासूबाईंना ताप आला, खंड पडला आणि आकडा शून्यावर गेला, तर मला थकबाकी राहिल्यासारखं वाटलं. शांत होण्यासाठी घेतलेल्या गोष्टीचाच तगादा सुरू झाल्यावर मी ते काढून टाकलं.

बेदाण्याचं मात्र नवल आहे. जॉन कबाट-झिन नावाच्या माणसानं १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यात ध्यान आहे, पण धार्मिक काही नाही. त्याला माइंडफुलनेस म्हणतात, आपण सजगता म्हणू. त्यातला अगदी सुरुवातीचा धडा असा की एक बेदाणा हातात घ्यायचा आणि जन्मात कधी पाहिलाच नाही असा खायचा. हे वाचून मला हसूच आलं. आमच्या गोडाऊनमध्ये पंधरा-पंधरा किलोच्या पेट्यांची थप्पी छताला टेकलेली असते. सौद्याच्या दिवशी चपलेखाली बेदाणे चिरडतात. येणारा-जाणारा मूठभर तोंडात टाकतो. मी अकरा वर्षं त्याचं वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं लिहितेय.

दुपारी जेवण झाल्यावर एक उचलला. हिरवा, लांबट. आधी नुसता बघितला. सुरकुत्या सगळ्या उभ्या असतात आणि देठाकडे येऊन एका टोकाशी मिळतात, हे मला माहीत नव्हतं. उजेडात धरला तर आतून मधासारखा दिसतो. दोन बोटांत फिरवून कानाशी नेला तर बारीक चिकट आवाज येतो. वास घेतला, त्यात गोडाच्या मागे थोडा तेलकटपणा होता. द्राक्षं वाळवायच्या आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, त्याचाच तो माग असावा, निदान मला तसं वाटलं. जिभेवर ठेवला तेव्हा आधी काहीच चव नाही. चावल्यावर आंबट, आणि गोड त्यानंतर. आंबट आधी येतं! अकरा वर्षांत एवढंसुद्धा कळलं नव्हतं.

तेवढ्यात हमालमामा दारात उभे. माझ्याकडे बघत, मग पेटीकडे बघत म्हणाले, "वहिनी, माल खराब हाय का?"

त्या दिवसापासून माझं चालू झालं असं म्हणता येईल. पहाटे साडेपाचला दूध यायच्या आधी दहा मिनिटं बसायला लागले. श्वास एक ते दहा मोजायचे आणि परत एकपासून. माझी पहिली अडचण ऐकून काकू हसून बेजार झाल्या. मी दहाच्या पुढं जाऊन सदतीस, अडतीस करत बसायचे आणि मनातल्या मनात बेरीज मांडायचे. मन भटकलं की चूक झाली असं धरून चिडायचे. जमा-नावे जुळलीच पाहिजेत ही सवय हाडात मुरलेली. काकू म्हणाल्या, "अगं, गेलं हे तुझ्या लक्षात आलं ना? तेच तर करायचंय. ते गेलंच नाही तर तू परत आणणार कुणाला?" हे मला पटायला दोन महिने लागले. दहा मिनिटांत मन चाळीस वेळा गेलं आणि चाळीस वेळा आणलं, तर तो दिवस वाया गेला नाही. त्या दिवशी चाळीस नोंदी झाल्या.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा आम्ही तीन दिवस वरच्या मजल्यावर होतो. खाली जिन्यात पाणी आपटायचं. नंतर घर धुतलं, रंग दिला, विसरले म्हटलं. पण पावसाळ्यात एका पहाटे डोळे मिटून श्वासाकडे बघत बसले, बाहेर पागोळ्या गळत होत्या, आणि छाती अशी धडधडायला लागली की उठून दार उघडून उभी राहिले. पुढचे आठ दिवस बसायची हिंमत झाली नाही. मला वाटायचं ध्यान म्हणजे औषधासारखं, घेतलं की उतार. तसं नाही. डोळे मिटले की जे दाबून ठेवलंय तेही वर येतं. काकूंनी आधी डॉक्टरांना दाखवायला लावलं. डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठीक आहे म्हणाले, आणि सुचवलं की श्वासाकडे बघून घाबरायला होत असेल तर डोळे उघडे ठेवा, लक्ष तळपायांवर ठेवा. फरशी थंड आहे, टाच टेकलीय, अंगठा टेकलाय, एवढंच. मला तेच मानवलं. घरी कुणाला असं झालं तर जोर करून बसू नका, एवढं मी नक्की सांगेन.

तळपायांचा एक फायदा असा, की ते दुकानातही बरोबर असतात. टॅलीचा बॅकअप होईपर्यंत, गाडीला किक मारायच्या आधी, दूध वर येईपर्यंत. व्हिएतनामचे भिक्खू थिक न्यात हान सांगायचे, फोन वाजला की लगेच झडप घालू नका, दोन-तीन रिंग होईतो श्वास घ्या. ते मी सुरू केलं तर आतून मालकांचा आवाज, "वहिनी, फोन उचला की!" आता एका रिंगवर तडजोड झाली आहे.

फार काही बदललं असा दावा नाही. वीस तारखेला अजूनही मी मुलांवर ओरडते. फक्त ओरडायच्या आधी जबडा आवळला जातो हे आता कळतं, आणि कधीकधी तेवढ्या फटीतून सुटते. पट्टी लिहिताना फोन उलटा ठेवते. आकडा लिहून झाला की एकदा बोट ठेवून वाचते. शेतकऱ्याला खोळंबा होतो अर्ध्या मिनिटाचा, पण जतहून दुसरी खेप पडत नाही.

सासूबाईंना या सगळ्याचं हसू येतं. त्यांची माळ संध्याकाळी असते, एकशेआठ मणी, त्यात मधेच "दूध बघ गं" आणि "कोण आलंय?" हेही असतं. "आम्ही काय करत होतो मग इतकी वर्षं?" म्हणतात. मी एकदा विचारलं, आई, मधे बोललात की कुठवर आलात ते विसरत नाही? तर म्हणाल्या, "मणी हातात असतोय की."

गेल्या जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला. रात्री दोनला जाग आली आणि हात आपोआप फोनकडे गेला, पुलाची पातळी बघायला. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोरांनाही पाठ असतं. हात थांबवला नाही, पण आधी पाय फरशीवर टेकवले. थंड होती. कोरडी होती. मग बघितलं.

पलीकडच्या खोलीत आईही जाग्या होत्या, अंधारात माळ घेऊन. "किती झालं?"

"छत्तीस."

"मग झोप की गं," म्हणाल्या. त्यांचा मेरू, माळेचा टोकाचा मणी, आला होता. तो ओलांडत नाहीत. त्यांनी माळ फिरवली आणि उलट्या दिशेनं पहिला मणी ओढला.