तोंड आलंय, उष्णता झालीय

गेल्या वर्षी वरच्या दाढेजवळची हिरडी सुजली. दुखत नव्हती, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले. खड्डा भरण्याऐवजी तिथे मांस वाढायला लागलं. दोन महिने त्यातच गेले. बायोप्सीचा पहिला तुकडा वरवरचा, त्यात नुसती सूज निघाली. दुसरा खोलवरचा घेतला तेव्हा नाव कळलं: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा.

तोंडाचा कॅन्सर म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "मिश्री लावायचात का?" नाही हो! हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, फक्त उगवला तोंडात. ऑपरेशन नाही, दर २१ दिवसांनी आर-चॉप नावाची केमो, सहा वेळा.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी जीभ पांढरी झाली, चव गेली, साधं वरणही झोंबायला लागलं. घरात निदान तयार: तोंड आलंय, उष्णता झालीय. जाईचा पाला चघळला, साजूक तूप लावलं. चौथ्या दिवशी घास छातीत अडकायला लागला, तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी लाकडी पट्टीने थर खरवडला. फाटलेल्या दुधासारखा सुटून आला, खाली लालभडक. कॅन्डिडा नावाची बुरशी. ती एरवीही अनेकांच्या तोंडात गप्प असते म्हणे. पण केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या, त्यात केमोबरोबर पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, त्याने माझी साखर ३४० वर, आणि रात्रीही न काढलेली कवळी. बुरशीचं माहेरपणच की!

अन्ननलिकेतही उतरल्याची शंका होती, त्यामुळे नुसता तोंडात लावायचा क्लोट्रिमॅझोलचा पेंट पुरणार नव्हता. बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, १४ दिवस. ते लिहिण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, बोटांना मुंग्या येतात का? आर-चॉपमधलं व्हिन्क्रिस्टीन नसांना त्रास देतं, आणि या जातीच्या औषधांनी ते शरीरात जास्त वेळ रेंगाळू शकतं. पुढच्या केमोची तारीख बघूनच गोळ्या ठरल्या. मग टॉर्च मारून टाळू बघितली. तिथे काळा डाग दिसला, गाल सुजला किंवा ताप १००.४ झाला, तर रात्री दोन वाजतासुद्धा यायचं. काळ्या डागाचं मला समजवायला लागलं नाही; २०२१ साली आमच्या गल्लीतल्या एकाचा डोळा म्युकरने, म्हणजे त्या काळ्या बुरशीने गेलाय.

तिसऱ्या दिवशी वरणभात गिळता आला. आता कवळी रात्री डबीत असते, आणि झोपण्याआधी सून मोबाईलचा टॉर्च लावून म्हणते, "आई, आ करा."